चुगलखोर गावाच्या मात्रा

गावांची नावं मी या लेखात घालणार नाही. एकदा घातली होती, तेवढं पुरे झालं.

आमची वाडी आणि ओढ्यापलीकडचं गाव इतकी जवळ की तिकडच्या कोंबड्यानं बांग दिली की इकडची माणसं उठायची. दोन्हीकडच्या जत्रेत एकाच बंडवाल्याचा पोवाडा होतो. इंग्रजांच्या राज्यात हा माणूस डोंगरात गेला, त्यानं कचेऱ्या लुटल्या, आयाबायांना बहिणी मानून चोळीबांगडी केली, आणि शेवटी कुणीतरी चुगली केली म्हणून धरला गेला. ही चुगली कुणी केली, यावर सगळा पोवाडा तोललेला आहे. माघात आमची जत्रा असते. तेव्हा शाहीर डफावर थाप मारून सांगतो की बंडवाल्याला भाकरी आमच्या वाडीनं वाढली आणि चुगली पलीकडच्या गावानं केली. पलीकडचे लोक त्या वेळी पुढच्या रांगेत बसलेले असतात, आमच्याच घरी जेवून. ते हसतात, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालतात. चैत्रात त्यांची जत्रा आली की तोच शाहीर तोच पोवाडा तिथे गातो, फक्त भाकरी त्यांच्याकडे जाते आणि चुगली आमच्याकडे येते. मग हसायची पाळी आमच्या लोकांची.

हे असं चालत आलेलं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी त्यांच्या जत्रेचा पोवाडा मात्र कधी ऐकलेला नव्हता. चैत्रात माझ्या परीक्षा असायच्या, आणि घरात शिकणारा मी एकटाच असल्यामुळे आबा, म्हणजे माझे वडील, मला त्या दिवसांत गोठ्यापर्यंतसुद्धा जाऊ देत नसत. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. आबांना वाटे, मी पुस्तकावरून नजर काढली की वाचलेलं सांडून जाईल.

थोरला दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मी संगमनेरला कॉलेजात होतो आणि मराठीचे सर आम्हाला वृत्तं शिकवत होते. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. तीन-तीन अक्षरांचे गण. हे ऐकून मी इतका भारावून गेलो की मला माणसांच्या बोलण्याऐवजी मात्राच ऐकू येऊ लागल्या. सुट्टीत घरी गेलो तर आई हाक मारायची आणि मी तिच्या हाकेच्या मात्रा बोटांवर मोजत उभा राहायचो. तिला वाटलं, माझ्या बोटांत वात शिरला. तिनं दोन दिवस तेल चोळलं.

सर एकदा वर्गात म्हणाले की आपापल्या गावचं एखादं गाणं घ्या, त्याचं वृत्त, यमक, पुनरुक्ती काय ते बघा, आणि चांगलं लिहिलंत तर कॉलेजच्या भित्तिपत्रकात लावू. मी बंडवाल्याचा पोवाडा घेतला. आधी त्याला गण लावून पाहिले. एकही ओळ दुसरीसारखी निघेना. मला वाटलं, आमचा पोवाडाच अशुद्ध असावा, आणि थोडी लाजही वाटली. मग सरांनी सांगितलं की इथे गण शोधू नका, नुसत्या मात्रा मोजा, आठाच्या ठेक्यानं. मी मोजल्या, आणि काय सांगू, ओळ अशी उलगडली जशी मुठीत धरलेली दोरी सरळ सुटते. पहिल्या अर्ध्यात सोळा मात्रा, दुसऱ्यात चौदा. पालुपद पाहिलं:

मागं शिपाई, पुढं डोंगर, मधी एकटाच वाघ जी

सोळा आणि चौदा. हे पालुपद प्रत्येक चौकानंतर, म्हणजे पोवाड्याच्या प्रत्येक भागानंतर, येतं, आणि प्रत्येक वेळी वाघ तोच असला तरी डोंगर जरा जवळ आल्यासारखा वाटतो, असं मी लिहिलं. हे वाक्य सरांना आवडलं. खरं सांगायचं तर मलाही फार आवडलं होतं.

मग चुगलीच्या कडव्याकडे वळलो. आमच्याकडे ते असं म्हणतात. जिथे ठिपके आहेत तिथे गावांची नावं:

अंधाराची वाट चालला, सांगंना कुणाला नाव
भाकर वाढी …वाडी, चुगलखोर ते …गाव

आमच्या वाडीच्या नावाच्या आठ मात्रा भरतात आणि त्यांच्या गावाच्या सहा. ओळ बरोबर सोळा आणि चौदा झाली. आता त्यांच्याकडचं कडवं हवं होतं. वसतिगृहात माझ्या खोलीतच त्या गावचा एक मुलगा राहत होता. तो दाढी करत होता. मी विचारल्यावर त्यानं आरशात बघत बघत, न गाता, बोलल्यासारखं सांगून टाकलं:

अंधाराची वाट चालला, आडवी लागली झाडी
भाकर वाढी …गाव, चुगलखोर ती …वाडी

मी मोजलं. दुसऱ्या ओळीचा पहिला अर्धा दोन मात्रांनी तोकडा, दुसरा अर्धा दोन मात्रांनी लांब. मी पुन्हा मोजलं. माझ्या अंगावर काटा आला. शोध लागतो तेव्हा असंच होत असणार, असं मला वाटलं. आमची ओळ वृत्तात चोख बसते, त्यांची लंगडते. म्हणजे मूळ कडवं आमचं, आणि त्यांनी मागाहून नावांची अदलाबदल केली. मी शेवटी लिहिलं, ‘सबब वृत्ताच्या आधारे असे सिद्ध होते की चुगली पलीकडच्या गावानेच केली असावी.’ ‘असावी’ हा शब्द मी नम्रपणे घातला होता, हे मी पुढे सगळ्यांना सांगत राहिलो. कुणी ते मनावर घेतलं नाही.

लेख भित्तिपत्रकात लागला. गावांच्या नावांसकट.

आता इथे सांगायला हवं की त्याच दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक पलीकडच्या गावी ठरत आली होती. मुलगा विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याला वडील नव्हते, सगळं त्याच्या चुलत्याच्या शब्दावर होतं, आणि तो चुलता म्हणजे माझ्या खोलीतल्या त्या मुलाचा बाप. मुलगा आमच्या विहिरीवर मोटार बघायला आला, तेव्हा बहिणीनं त्याला चांगला न्याहाळून घेतला होता. घरी आईनं विचारलं, कसा वाटला, तर म्हणाली, ‘मोटार चालू केली न्हवं त्यानं.’ आमच्या घरात याच्यापेक्षा स्पष्ट होकार कुणी दिलेला नव्हता. मोटार दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडली आणि त्याला पुन्हा बोलवावं लागलं. तिच्यात काही बिघाड नव्हता, हे मला फार पुढे कळलं.

खोलीतल्या मुलानं लेख उभ्याउभ्या वाचला, पोट धरून हसला आणि शनिवारी घरी जाऊन बापाला सांगितला. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण गोष्ट ओढ्याच्या त्या काठानं चालत गेली तशी फुगत गेली. कॉलेजनं बोर्ड लावलाय. बोर्डावर आपल्या गावाचं नाव आहे. नावापुढे चुगलखोर लिहिलंय. मास्तरांनी सही केलीय. आठवडाभरात ती आमच्या वाडीत पोचली तेव्हा बोर्ड सरकारी झाला होता.

मुलाच्या चुलत्यांचा निरोप आला. जत्रेत शाहीर गातो ते वेगळं, ती गंमत; पण तुमच्या पोरानं मोजून सिद्ध केलंय. सुपारी फोडायला आम्ही येऊ, पण आधी याचा निकाल लागल्याशिवाय सुपारीला हात लावणार नाही.

मला हे खरंच कळत नव्हतं. वर्षानुवर्षं डफ वाजवून, गावभर ओरडून सांगितलेलं ज्यांना झोंबलं नाही, त्यांना माझी हळू आवाजातली दोन पानं कशी झोंबली? मी आबांना तसं म्हणालो. आबा म्हणाले, ‘हसता हसता मारलेली चापट न्यारी, आन् माप घेऊन मारलेली न्यारी.’ मग म्हणाले, ‘तू कॉलेजात ह्येच शिकतूस व्हय?’

बहीण मात्र रडली वगैरे नाही. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘दादा, माझं लगीन मोडलं तर मी तुझ्या त्या बोर्डाखाली यिऊन बसनार हाय. येनाऱ्या-जानाऱ्याला सांगीन, हीच ती, दोन मात्रांनी ऱ्हायली.’



सुपारीच्या दिवशी सकाळी ते आले. अंगणात घोंगड्या, सतरंज्या टाकल्या होत्या. त्यांची माणसं एका बाजूला, आमची दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ताटात सुपारी. नवरामुलगा खाली मान घालून सतरंजीचा एक धागा उपसत होता. चुलते अंगानं भक्कम होते, सोसायटीचे चेअरमन होते आणि बसल्या बसल्या सभा चालवत असल्यासारखे बोलायचे. त्यांनी मला पुढे बोलावलं. म्हणाले, ‘या पंडित. आमचं गाव चुगलखोर, तर चुगलखोराच्या घरी पोरगी कशापायी देताय?’

मी उभा राहिलो. मला सभेत बोलायची सवय नव्हती. मी म्हणालो की लेखात मी ‘असावी’ असं म्हटलं आहे. मग मी मात्रा समजावून सांगू लागलो. लघू, गुरू, सोळा, चौदा. आमच्या बाजूचे म्हातारे डोळे मिटून माना डोलवत होते, कीर्तनात डोलवतात तशा. मी त्यांच्याकडचं कडवं खोलीतल्या मुलानं सांगितलं होतं तसं म्हणून दाखवलं आणि कुठे दोन मात्रा कमी पडतात, कुठे दोन जास्त होतात, ते बोटांवर मोजून दाखवलं.

चुलत्यांचा चेहरा तापत गेला. ते म्हणाले, ‘असं कोन म्हनतं? रेशनच्या रांगेत उभं ऱ्हाऊन म्हनल्यावानी?’ आणि त्यांनी मांडीवर थाप मारून ते कडवं स्वतःच गायला सुरुवात केली. आवाज भसाडा होता, चाल दोन ठिकाणी सुटली, पण ठेका पक्का होता, कारण तो रागाचा होता:

भाकर वाढी …गाव जी, चुगलखोर …वाडी

त्यांच्या मागच्या चौघांनी त्या ‘जी’ला सूर भरला. माझी बोटं आपोआप चालली. ‘गाव’पुढे ‘जी’ आला, दोन मात्रा, अर्धा भरला. चुगलखोरच्या पुढचा ‘ती’ गाताना कुणी म्हणतच नव्हतं, दोन मात्रा गेल्या. सोळा आणि चौदा.

पालुपदातला ‘जी’ मी मोजला होता. बाकी सगळीकडचे ‘जी’ भरीचे शब्द म्हणून गाळून टाकले होते; इथला त्या मुलाच्या तोंडूनच गळला होता. आणि ‘ती’ हे तर दाढी करता करता घुसलेलं अक्षर होतं. माझा सगळा शोध एका आरशासमोर लागलेला होता.

मला त्या क्षणी दुःख व्हायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला की मी चुलत्यांना म्हणालो, ‘पुन्हा म्हणा, काका.’ त्यांना वाटलं मी टिंगल करतोय. मी घाईघाईनं सांगितलं की त्यांचं कडवं बरोबर आहे, अगदी आमच्याइतकंच बरोबर आहे, माझा निष्कर्ष चुकला आणि लेख मी परत लिहितो.

चुलते जरा सैल झाले. आबांनी सुपारीकडे पाहिलं. तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांच्यापैकी एकानं विचारलं, मग मूळचं कडवं कुठलं? आणि मला प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, एवढंच मी आयुष्यात शिकलो होतो.

मी म्हणालो की दोन्ही सारखीच बसतात, म्हणजे कडव्यात गावाच्या नावाची जागा मोकळी सोडलेली दिसते. शाहीर जिथे जाईल तिथलं नाव तिथे घालत असेल. यमकसुद्धा त्यासाठीच बदलतं, कधी ‘नाव’, कधी ‘झाडी’. तेव्हा चुगली तुम्हीही केली नाही आणि आम्हीही केली नाही. इथवर सगळे खूश होते. मी पुढे म्हणालो, ‘तसंच भाकरीचंही. कदाचित बंडवाला या बाजूला आलाच नसेल.’

मग दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आवाज उठले. चुलते म्हणाले, त्यांच्या आज्यानं त्याला डोळ्यांनी पाहिला होता, त्याच्या मिशीवर लिंबू ठरायचं. आमच्या बाजूचा एक म्हातारा म्हणाला, ज्या तव्यावर त्याची भाकरी भाजली तो तवा अजून माझ्या घरात आहे, आणू का? चुलते त्याला म्हणाले, ‘आना, आना, दावा ह्याला.’ जी माणसं मघाशी एकमेकांपासून तोंड फिरवून बसली होती ती आता एकमेकांच्या मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. आबासुद्धा म्हणाले, ‘तू जरा आत जा.’

आत बहीण चहाच्या कपांची तबकं मांडत होती. तिनं दाराआडून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. पण तिचे डोळे चमकत होते. ती हळूच म्हणाली, ‘दादा, दोनी गावं एका बाजूला आलीत बघ. आता त्यांस्नी रागवाया तिसरा कुनीतरी दे. तुझ्याबिगर दुसरा.’

‘कोण?’

‘एस.टी. कुनी पळवली, इचार त्यांस्नी.’

आमच्या रस्त्याची एस.टी. ओढ्यापर्यंत यायची असं ठरलं होतं. दोन्ही गावांनी मिळून त्यासाठी रस्ता चोपला होता. पण खालच्या अंगाला बाजाराचं गाव होतं, त्यांनी कुठे काय केलं कळलं नाही, गाडी त्यांच्याच चावडीपुढे वळून माघारी जाऊ लागली. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं सामान डोक्यावर घेऊन चालायची.

मी चहाचं तबक घेऊन बाहेर गेलो. चुलत्यांपुढे कप ठेवला आणि, माझ्या मते फार चाचरत, म्हणालो की आणखी एक शक्यता मी तपासलीच नाही. बंडवाला इथे आला असेल, भाकरीही खाल्ली असेल, पण चुगली मात्र खालच्या गावानं, म्हणजे जिथे एस.टी. वळते…

वाक्य पुरं करावं लागलं नाही. चुलत्यांनी कप बशीत ठेवला. म्हणाले, ‘त्यांचंच काम.’ आमचा तव्यावाला म्हातारा म्हणाला, हे तर तो लहानपणापासून म्हणत आलाय. आबा म्हणाले, त्या गावाची पहिल्यापासूनची रीतच ती. नवऱ्यामुलानं त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, त्यांनी त्याच्या सायकलची घंटी पण काढून घेतली होती.

मग दंड ठरला. मी कडवं मोजून बिघडवलं, आता मोजूनच नीट करायचं. दोन्ही गावांचा मान राहिला पाहिजे, चुगली खाली गेली पाहिजे, आणि शाहिराला गाताना अडता कामा नये. ते होईपर्यंत सुपारी तशीच राहील. पाटावर बसवून माझ्यापुढे चहा ठेवला. मी परीक्षेतसुद्धा इतका घाबरलो नव्हतो. आतून बांगड्यांचा आवाज येत होता, मुद्दाम केलेला.

आमची आठ मात्रांची वाडी आणि त्यांचं सहा मात्रांचं गाव एका ओळीत लगेच बसलं. खालच्या गावाच्या नावाच्या शेवटी ‘पूर’ होतं, मात्रा सहा. तिथे थोडं थांबावं लागलं. शेवटी अंधाराची ओळ तशीच ठेवून पुढचं मी वाचून दाखवलं:

भाकर वाढी …वाडी, पाणी पाजी …गाव

टापा आल्या ऐकू त्याला, रानामधुनी उठे धूर
कुणी दाविला ठावठिकाणा? चुगलखोर ते …पूर

चुलत्यांनी मांडीवर ठेका धरून दोनदा गाऊन पाहिलं. ‘चालतंय,’ म्हणाले. मग त्यांनी पाण्यावर जरा खळखळ केली, भाकरी तुमची आणि आमचं नुसतं पाणी का म्हणून. आबा म्हणाले, भाकरीनं ठसका लागला तर पाणीच वाचवतं. त्यावर सगळे हसले आणि सुपारी फुटली.

लग्न वैशाखात झालं. शाहिराला बोलावलं होतं. आपल्या पोवाड्यात मी हात घातला म्हणून तो रागावेल असं मला वाटलं होतं, पण त्यानं फक्त दोन शब्द फिरवले आणि ओळ स्वतःचीच असल्यासारखी ठोकून दिली. चुगलखोर ते पूर म्हटलं की दोन्ही गावं टाळ्या वाजवत होती. मांडवाच्या कडेला आठ-दहा पाहुण्यांचा एक घोळका बसला होता, तो सगळ्यांत जास्त हसत होता. मी नव्या मेहुण्याला विचारलं, ही मंडळी कुठली? तो म्हणाला, खालच्या गावची, त्याच्या मामांची भावकी.

पोवाडा संपल्यावर त्यातले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले आणि माणसांतून वाट काढत सरळ माझ्याकडे आले. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. म्हणाले, ‘ह्ये तुमी रचलं व्हय?’

मी म्हणालो, ‘हो. पण त्यात बदल करता येईल.’

‘ऱ्हाऊ द्या, ठेका चांगला हाय,’ ते म्हणाले, आणि माझा हात धरून मला बाजूला नेऊन विचारलं, ‘तुमचं लगीन झालंय का, पाव्हनं?’